दोन अशोक आणि वज्जींचे सात नियम : इतिहासावरील संगणकीय खेळांतील राष्ट्ररचनेचे परीक्षण

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात, काही श्रमण-ब्राह्मण ज्यांत वेळ दवडीत आणि तथागत ज्यांपासून अलिप्त राहत, अशा करमणुकींची एक लांब यादी आली आहे. तीत अट्ठपद आहे, दसपद आहे, पट न मांडता केवळ मनाने खेळावयाचा आकास आहे, अक्ख म्हणजे फासे आहेत, आणि रथक व धनुक ही मुलांची खेळण्यातील गाडी व धनुष्यही आहेत. अट्ठपद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. पुढे ज्यावर चतुरंगाची सेना उभी राहिली तो हाच. सुत्तकारांनी ही यादी प्रशंसेसाठी केलेली नाही हे उघड आहे. तथापि भारतातील खेळांच्या इतिहासाला तिच्याइतका जुना आणि तपशीलवार पुरावा क्वचितच मिळतो. खेळ हा विद्वानांनी नाक मुरडावे असा विषय नाही, एवढे या यादीच्या आधारे आरंभीच नमूद करतो. कारण प्रस्तुत परीक्षण ग्रंथाचे नसून खेळाचे आहे, आणि या पृष्ठांवर ते पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका प्रश्नामुळे. बदनापूर येथील आमच्या पाली वर्गास गेल्या वर्षावासात एक तरुण विद्यार्थी नियमाने येत असे. एके दिवशी वर्ग संपल्यावर त्याने विचारले, "सर, अशोक दोन आहेत. त्यांतला कोणता घ्यावा?" महावंसातील कालासोक आणि धम्मासोक यांच्याविषयी त्याचा घोटाळा झाला असावा असे समजून आम्ही त्यास वेसालीच्या दुसऱ्या संगीतीपासून सर्व सांगू लागलो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग संकोचाने म्हणाला, "तसं नाही सर. गेममध्ये दोन आहेत."

तो ज्या खेळाविषयी बोलत होता तो म्हणजे 'सिव्हिलायझेशन' या मालिकेचा सातवा भाग. फिरॅक्सिस या अमेरिकन संस्थेने तो ११ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केला. मालिकेचा पहिला भाग सिड मायर यांच्या नावाने १९९१ साली आला होता. खेळाडूने एक नेता व एक राष्ट्र निवडावयाचे, पहिले नगर वसवावयाचे, आणि शेती, विद्या, व्यापार, धर्म व युद्ध यांच्या आधारे त्या राष्ट्रास प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत आणावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर तो आम्हास दाखविला. पुढील दोन महिन्यांत आम्ही स्वतः तो खेळलो, बहुतेक वेळा हरलो, आणि याच प्रकारच्या अन्य काही खेळांचीही माहिती करून घेतली.

या खेळांतील राष्ट्रे कशी घडविलेली असतात, हा आमचा प्रश्न आहे. तो गंभीर यासाठी की, आमच्या भागातील कित्येक मुलांची अशोकाशी पहिली भेट आता शिलालेखांतून होत नाही, पाठ्यपुस्तकातूनही होत नाही. ती येथे होते. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाला अशोक विजयादशमी म्हणणाऱ्या समाजात ही भेट कशी होते, याविषयी उदासीन राहणे आम्हास योग्य वाटत नाही.

१९९१ च्या पहिल्या खेळात चौदा राष्ट्रे होती आणि त्यांत भारतही होता, महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली. परंतु खेळाडूने कोणतेही राष्ट्र घेतले तरी त्याच्या हातात पडणारी साधने एकच असत. रोमन, झुलू किंवा भारतीय यांच्यात फरक नावाचा, रंगाचा आणि संगणकाच्या हाती असता त्या नेत्याच्या वृत्तीचा. २००१ साली आलेल्या तिसऱ्या भागाने हे बदलले. तेथून प्रत्येक राष्ट्रास दोन गुण आणि एक खास सैन्यप्रकार जन्मतःच चिकटविण्यात आला. भारताच्या वाट्यास आलेले गुण होते धार्मिकता व व्यापार, आणि सैन्य होते हत्तीचे. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या युरोपीय प्रवासवर्णनातही भारताविषयी हेच तीन शब्द सापडले असते! तेव्हापासून राष्ट्र घडविणे म्हणजे त्याला एक स्वभाव देणे, हा या प्रकारच्या खेळांचा जणू नियम झाला आहे. 'एज ऑफ एम्पायर्स' या दुसऱ्या प्रसिद्ध मालिकेत तो त्यापूर्वीच रूढ झाला होता.

रचनाकारांची अडचण आम्ही समजू शकतो. सर्व राष्ट्रे सारखी असतील तर दुसऱ्यांदा खेळण्यास कारण उरत नाही. बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असूनही खेळ शिळा होत नाही हे खरे. पण बुद्धिबळात कोणी इतिहास शोधीत नाही. ज्याने मंगोल घेतले त्यास घोडा हवा असतो, ज्याने चोळ घेतले त्यास समुद्र. नाव घेतले की त्याबरोबर काही विशेष मिळावा ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. आमचा आक्षेप विशेषावर नाही. तो विशेष कोठून येतो आणि जाऊ शकतो की नाही, याविषयी आहे.

आता त्या दोन अशोकांकडे वळू. खेळात नेत्यांच्या यादीत अशोकाचे दोन पर्याय आहेत : एक जगाचा त्याग करणारा, दुसरा जग जिंकणारा. पहिल्याच्या खास गुणास 'धम्मराजा' असे नाव आहे. प्रजेचे अतिरिक्त सुख त्याच्या नगरांत धान्यवाढीस कारण होते. दुसऱ्याच्या गुणाचे नाव 'देवानांप्रिय'. त्याच्याकडे तेच सुख उत्पादनात रूपांतरित होते, आणि विधिपूर्वक युद्ध पुकारताच राज्यात उत्सव सुरू होतो. आमच्या विद्यार्थ्याने दुसरा निवडला होता. कारण विचारता तो म्हणाला, "लवकर जिंकता येतं."

नावांची ही वाटणी पाहून कोणीही पालीचा अभ्यासक थबकेल. 'देवानंपिय' ही अशोकाची स्वतःची, शिलालेखांत पुनःपुन्हा येणारी उपाधी आहे. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप ज्यात नोंदविला आहे त्या तेराव्या शिलालेखातही तो स्वतःचा उल्लेख याच उपाधीने करतो. म्हणजे ज्या नावाने पश्चात्ताप झाला ते नाव रचनाकारांनी पश्चात्ताप न झालेल्या अशोकास दिले. हा अज्ञानाचा दोष असेल असे मात्र आम्हास वाटत नाही, कारण याच खेळात मौर्यांच्या गुणाला 'धम्मलिपि' हे अस्सल अशोकीय नाव दिलेले आहे, त्यांना विहार व धर्मशाळा या खास वास्तू दिल्या आहेत आणि सांचीच्या स्तूपाची आश्चर्यवास्तू त्यांच्याशी जोडलेली आहे. कोणीतरी मन लावून वाचन केलेले आहे. पण 'धम्मलिपि'चे फळ काय, तर राष्ट्रास एक दैवतपंथ अधिक स्वीकारता येतो! ज्या लेखांत राजा प्राणिहत्या, मातापित्यांची सेवा, इतर पंथांविषयी वाणीचा संयम यांविषयी बोलतो, त्या लेखांच्या नावाने खेळात दैवते वाढतात. मौर्यांच्या हत्तीदळाचे 'पुरभेत्तारः' हे नाव संस्कृत अनेकवचनी रूपात तसेच ठेवले आहे, ही किरकोळ बाब सोडून देऊ.

मुख्य दोष नावात नाही, दोन असण्यात आहे.

अशोकाचे द्वैत नवे नाही हे आम्ही जाणतो. महावंसातही चण्डासोक आणि धम्मासोक अशी दोन नावे येतात. पण वंसकारांनी ती एकाच पुरुषास, एकामागून एक दिलेली आहेत. पहिल्या नावाचा माणूस दुसऱ्या नावाचा झाला, हीच त्यांना सांगावयाची गोष्ट होती. आणि शिलालेख तर याहूनही अवघड गोष्ट सांगतो. अभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकला गेला. दीड लाख माणसे तेथून हलविली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे राजा स्वतः लिहवितो. त्याच लेखात तो अटवीतील लोकांना बजावतो की, राजास अनुताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य गेलेले नाही. जिंकणारा आणि त्यागणारा एकाच दगडावर, एकाच वाक्यरचनेत उभे आहेत. शिवाय, हा तेरावा लेख प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, कोरविलेलाच नाही. तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांच्यासमोर राजाने ती संख्या मांडली नाही. हा संकोच होता की राजनीती, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

खेळाडूस यांपैकी काहीच करता येत नाही. त्यास आरंभी, पहिले नगर वसविण्यापूर्वी, ठरवावे लागते की आपण कोणता अशोक. एकदा ठरले की तो शेवटपर्यंत तोच. विजेता कितीही कलिंगे जिंको, त्याच्या वाट्यास उत्सवच येतो. त्यागी त्यागीच जन्मास आलेला असतो, त्याने त्यागावे असे पूर्वी काही घडलेले नसते. अशोकाविषयी जी एकमेव गोष्ट जगास ठाऊक आहे, म्हणजे तो बदलला ही, तेवढीच या खेळात खेळता येत नाही. दोन अशोक दिल्यामुळे एकही अशोक हाती लागत नाही.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, हा तर खेळ आहे. त्यात नियम हवेत, अनुताप नियमांत कसा बसवावा? यावर आमचे उत्तर असे की, राष्ट्राचा गुण हा नियमात बसवूनही त्याला जन्मसिद्ध न मानण्याची रीत आपल्या वाङ्मयात आहे आणि ती पुष्कळ स्पष्ट आहे. महापरिनिब्बानसुत्ताचा आरंभ वाचकांच्या स्मरणात असेल. मगधाचा अजातसत्तु वज्जींवर स्वारी करू इच्छितो आणि आपला अमात्य वस्सकार ब्राह्मण यास भगवंतांकडे पाठवितो. भगवान वस्सकारास थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदास सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकमताने जमून एकमताने उठतात काय? ठरलेले नियम मोडीत नाहीत ना? वृद्धांचे ऐकतात काय? कुलस्त्रिया व कुमारी यांना बळाने धरून आणीत नाहीत ना? आपली चैत्ये व अर्हत यांचा मान राखतात काय? जोवर हे आहे तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही.

आधुनिक रचनाकारांच्या भाषेत हा वज्जींचा बोनस आहे. पण त्याची घडण पाहा. वज्जी शूर आहेत, लिच्छवी देखणे आहेत, त्यांचे रक्त उच्च आहे, असे येथे काहीही कारण म्हणून सांगितलेले नाही. सात गोष्टी सांगितल्या आहेत आणि सातही करावयाच्या आहेत. केल्या तर बळ, सोडल्या तर बळ गेले. अट्ठकथेत पुढचा भागही आहे : वस्सकाराने वज्जींत शिरून तीन वर्षांत त्यांच्यात अशी फूट पाडली की सभेची भेरी वाजली तरी कोणी जमेना, आणि अजातसत्तु विनासायास आत आला. शत्रूस राष्ट्राचा गुण चोरता येतो, आणि तो चोरण्याची रीत तलवारीहून वेगळी आहे. एखाद्या संगणकीय खेळात हा एवढा एक नियम घातला तर राष्ट्रनिवडीचा सगळा अर्थ बदलेल, असे आमचे मत आहे. चक्कवत्तिसीहनादसुत्तातील साखळीही अशीच आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, आणि पिढ्यागणिक घटत जाणारे आयुष्य; यात कोणत्याही राष्ट्राचा स्वभाव आड येत नाही. प्रत्येक पायरीला प्रत्यय आहे. इतके नियमबद्ध कथन एखाद्या खेळाच्या नियमपुस्तिकेतही विरळा.

या चर्चेनंतर आमच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला आणि त्याने आम्हास अधिक काळ गुंतवून ठेवले. "मग सर, आपलं बदनापूर कोणत्या राष्ट्रात धरायचं?" आम्ही ते खेळांत शोधू लागलो. 'सिव्हिलायझेशन'च्या सातव्या भागात काळाचे तीन विभाग आहेत आणि विभाग पालटला की राष्ट्रही पालटते. मूळ खेळात भारतासाठी ठेवलेला मार्ग मौर्य, मग चोळ, मग मोगल असा आहे. पाटलिपुत्राहून तंजावर आणि तंजावरहून दिल्ली-आग्रा. गोदावरीचे खोरे या उडीच्या खाली राहून जाते. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात २०१३ पासून 'भारतीय' नावाचे एकच राष्ट्र होते; २८ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या भारतीय राजवंशांच्या संचाने ते मोडून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशी चार केली. ही सुधारणा आहे यात शंका नाही. त्यात पाल राजा देवपाल याची स्वतंत्र मोहीम आहे, हे पाहून तर आम्हास विशेष समाधान वाटले, कारण नालंदेचा हा आश्रयदाता सामान्य वाचकांच्या इतिहासात क्वचितच येतो. पण मध्ययुगाचा हा खेळ आणि त्या चारांत देवगिरीच्या यादवांना घर नाही. बदनापूरहून देवगिरी दूर नाही; खेळातील नकाशावर मात्र ती कोणाच्या तरी राष्ट्रात कशीबशी बसवावी लागते. मराठ्यांचे म्हणाल तर २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर' मध्ये मराठा राज्यसंघ खेळता येतो, आणि तो खेळ १७०० पासून १७९९ पर्यंतचा आहे.

आणखी चारच वर्षे तो चालता तर खेळाला बदनापुरात यावे लागले असते. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट बदनापूर येथे झाली. शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य भोकरदनच्या बाजूस असल्याची वार्ता होती. दोघांनी दोन वाटांनी उत्तरेस जाऊन २४ तारखेस सकाळी एकत्र हल्ला करावा असे येथे ठरले. ते तसे घडले नाही. २३ रोजी वेलस्लीस शत्रू अपेक्षेहून फार जवळ आढळला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने केळणा व जुई या नद्यांमधील दुआबात, असई येथे लढाई दिली. त्याची दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. उत्तरायुष्यात, वॉटर्लूनंतरही, तो असईचा उल्लेख आपली सर्वोत्तम लढाई म्हणून करीत असे.

आता या लढाईतील राष्ट्रे मांडून पाहू. एका बाजूस मराठे, दुसऱ्या बाजूस इंग्रज, असे पाठ्यपुस्तकात असते आणि खेळातही तसेच असते. प्रत्यक्षात शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती हॅनोव्हरचा पोलमन होता, त्याच्या हाताखालील बरेच शिपाई उत्तर हिंदुस्थानातील होते, आणि त्यांच्याबरोबर सरधन्याच्या बेगम समरू हिच्याही पलटणी होत्या. वेलस्लीजवळ दोन स्कॉटिश पलटणी होत्या, मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते आणि पेशव्यांच्या पक्षाचे मराठा स्वारही होते, कारण ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवा कंपनीचा मित्र झाला होता. स्टीव्हन्सनजवळची फौज हैदराबादची. आणि ज्या भूमीवर हे सर्व उभे होते ती निजामाची. ही भूमी पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिली. मराठा हा खास सैन्यप्रकार या पटावर कोणत्या बाजूस ठेवावयाचा?

याहून मागे गेलो तर चित्र अधिकच बोलके होते. अंगुत्तरनिकायात सोळा महाजनपदांची यादी आहे : अंग, मगध, कासी, कोसल, वज्जी, मल्ल, चेती, वंस, कुरु, पंचाल, मच्छ, सूरसेन, अस्सक, अवंती, गंधार, कंबोज. आजच्या भाषेत ही सोळा खेळण्याजोगी राष्ट्रे. यांत गोदावरीकाठचे एकच, अस्सक. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी ब्राह्मण गोदावरीच्या तीरावर, अस्सक आणि अळक यांच्या सीमेजवळ राहतो. अळकाच्या जागी मूळक असाही पाठ आहे. त्याचे सोळा शिष्य मूळकाच्या पतिट्ठानाहून, म्हणजे पैठणहून, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा असे करीत सावत्थीकडे निघतात. बदनापूर पैठणच्या उत्तरेस आहे. या शिष्यांच्या वाटेपासून ते फार लांब नसावे. शिष्य मूळकाचे नागरिक म्हणून जात नाहीत, तेथे गेल्यावर त्यांना कोणी राष्ट्र विचारीत नाही. ते आपले प्रश्न घेऊन जातात आणि प्रत्येकाच्या नावाने त्याचा प्रश्न आजवर टिकला आहे.

वेलस्लीने ज्या भोकरदनवर चाल करावयाचे बदनापुरात ठरविले, ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत. ते स्वतःची ओळख गावाने देतात, कधी व्यवसायाने, कधी भिक्षुणी वा उपासिका म्हणून, कधी कोणाची तरी आई म्हणून. राष्ट्राचे नाव देत नाहीत. भोकरदनच्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी साम्य दाखविते, आणि तेरलाही तशाच मूर्ती मिळाल्या आहेत. पण रोमन जगाशी जोडलेल्या या गावाने कोणत्या राष्ट्राच्या वतीने व्यापार केला, असे विचारणे म्हणजे खेळाचा प्रश्न इतिहासास विचारणे होय. अशोकाच्या शिलालेखांत या दिशेचे लोक पेतेनिक म्हणून येतात, आणि काही विद्वानांनी त्यांचा संबंध पैठणशी जोडला आहे. सम्राटाच्या यादीत ते सीमेवरचे आहेत. विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सांगू शकलो की, बदनापूर नेहमी कोणाच्या तरी सीमेवर किंवा वाटेवर होते.

काळानुसार राष्ट्र पालटण्याची जी योजना सातव्या भागाने केली आणि २०२१ च्या 'ह्यूमनकाइंड' या खेळाने तिच्याही आधी केली होती, तिच्याविषयी अनेक खेळाडूंनी नाराजी दाखविली. आम्हास ती योजना दिशेने योग्य वाटते. राष्ट्र कायम एकच राहते या कल्पनेला तिने धक्का दिला, आणि नेता व राष्ट्र यांची गाठही सोडली. अशोकाने रोमचे राज्य करावे अशी मजाही तीत शक्य आहे. पण तेथेही बदल घडतो तो युगाच्या घंटेने. सर्वांसाठी एकाच वेळी घंटा वाजते आणि मौर्य चोळ होतात. खेळाडूने काय केले यावर पुढचे पर्याय काही प्रमाणात अवलंबून असतात, हे मान्य. परंतु जुन्या राष्ट्राने जे केले त्याचा हिशेब नव्या राष्ट्रास द्यावा लागत नाही. कम्म आणि विपाक यांची सांगड जेथे तुटते तेथे बदल हा वेशांतरासारखा होतो.

विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही वर्गात एक प्रयोग केला. पुठ्ठ्यावर आठ गुणिले आठ घरे आखली आणि वज्जी व मगध अशी दोन राष्ट्रे मांडली. वज्जींस प्रत्येक तिसऱ्या पाळीस सभा भरवावी लागे, आणि त्यात त्यांची एक चाल खर्च होई. पहिल्या खेळात वज्जींच्या खेळाडूने दोन सभा भरविल्या, तिसरी टाळली, कारण त्यास नदीकाठचे एक घर त्वरित घ्यावयाचे होते. मगधाने काहीच केले नाही. केवळ वाट पाहिली. दुसऱ्या खेळात मगधाचा खेळाडू स्वतःच वज्जींच्या सभेत सोंगटी घालू लागला. तो आमच्या वर्गातील सर्वांत मितभाषी मुलगा आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे.

मग अशोकाची पाळी आली. एकच अशोक घ्यावयाचा असे ठरले. त्याने कलिंग घेतला की पन्नास हजारांस एक याप्रमाणे खडे पटावर ठेवावयाचे : हलविलेल्यांचे तीन, मारलेल्यांचे दोन. ज्या घरात खडा आहे तेथे नगर वसविता येणार नाही, शेत करता येणार नाही. पाच खडे ठेवून झाले. तेव्हा एका मुलीने लेखाचा मराठी अनुवाद पुन्हा वाचला आणि विचारले की, "कितीतरी पट मेले" यांचे खडे किती? कोणी पाच म्हणाले, कोणी वीस. वीस ठेवले तर अशोकास चाल करण्यास जागाच उरत नव्हती. विहारात सायंकाळच्या वंदनेची वेळ झाली तरी वाद मिटला नाही. पट तसाच मांडलेला ठेवून आम्ही उठलो.